नेट मिनिटभर जातं आणि परत येतं, मधल्या मधे काय झालं ते कळणार कसं?

या महिन्यात आलेले प्रश्न वाचले तर निम्म्याहून जास्त एकाच गोष्टीभोवती फिरतायत, नेटवर्कच्या सेटिंगमधे काहीतरी बदलतं आणि आपण बघायला जाईपर्यंत सगळं परत जागेवर असतं. म्हणून म्हटलं या वेळी प्रिंटर आणि पेनड्राइव्हला सुट्टी. एक आधीच सांगतो, आपल्या पानावर रोमन अक्षरं छापत नाहीत, त्यामुळे कमांड जशी तोंडाने म्हणतो तशी देवनागरीत लिहिलीये. टाइप करताना अर्थातच इंग्रजी, आणि जिथे मी 'डॅश' म्हणतोय तिथे वजाबाकीचं चिन्ह.

प्रश्न (सांगलीहून): सर नमस्कार. मी एका पतसंस्थेत आहे, पद क्लार्कचं पण कॉम्प्युटरचं सगळं माझ्याच गळ्यात. आमचा सर्व्हर उबुंटूवर आहे. दिवसातून चार-पाच वेळा त्याचं नेट जातं, कधी मिनिटभर तर कधी पाच मिनिटं, आणि आपोआप परत येतं. रविवारी कधीच जात नाही. मी 'वॉच' लावून 'आयपी ॲड्रेस' चा आउटपुट दिवसभर समोर ठेवला, त्यात काहीच बदलत नाही. कंपनीवाला म्हणतो लाइन ओके आहे. साहेब म्हणतात तूच काहीतरी केलंस. काय करू?

उत्तर: साहेबांचं सोडून द्या, ते प्रत्येक ऑफिसात असंच असतं. तुम्ही 'वॉच' लावलंत ते चुकीचं नाही पण ते काय करतं बघा, दर दोन सेकंदांनी कमांड परत चालवतं आणि स्क्रीन पुसून नवं चित्र दाखवतं. म्हणजे दारावर जाऊन दर दोन सेकंदांनी "कोणी आलं का" विचारायचं. मधल्या दीड सेकंदात कोणी येऊन गेलं तर तुम्हाला पत्ता नाही, आणि तुम्ही चहा प्यायला गेलात तर झालेला बदल स्क्रीनवरून पुसला पण गेला. लिनक्समधे याच्यापेक्षा सरळ सोय आहे, कर्नलमधे (म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात) लिंक, पत्ता, राउट (पॅकेटने कुठल्या वाटेने जायचं ते) यातलं काहीही हललं की कर्नल स्वतःहून त्याची बातमी देतं, त्याला नेटलिंक म्हणतात. आपण फक्त कान लावून बसायचं. ती कमांड म्हणजे 'आयपी मॉनिटर'. वेगळं काही इन्स्टॉल करायला नको, ज्या पॅकेजमधून 'आयपी' कमांड येते त्यातच ती आहे.

तुमच्यासाठी: 'आयपी डॅश टीएस मॉनिटर लेबल लिंक ॲड्रेस राउट'. 'डॅश टीएस' मुळे प्रत्येक ओळीपुढे तारीख-वेळ येते, ती नसेल तर या सगळ्याचा उपयोग शून्य. 'लेबल' मुळे ओळीच्या सुरुवातीला चौकटी कंसात लिंक, ॲड्रेस, राउट असं लिहून येतं. कमांड चालवली की स्क्रीन रिकामी राहील, घाबरू नका, ती बिघडलेली नाही, काही घडलेलं नाही एवढंच. तिला 'टीमक्स' मधे सोडा म्हणजे तुमचं लॉगिन तुटलं तरी ती चालू राहील, आणि पुढे पाइप देऊन 'टी डॅश ए' ने (टी ला पुढे दोन ई) फाइलमधे पण उतरवा.

आता वाचायचं कसं, कारण खरी मजा ओळींच्या क्रमात आहे. आधी लिंकची ओळ आली आणि त्यात 'नो-कॅरियर' लिहिलंय, तर वायर, स्विच किंवा त्या स्विचची वीज, पुढे विचार करायचाच नाही, उठून जाऊन वायर बघायची. त्यानंतर काही सेकंदांनी पत्ता आणि राउट जाताना दिसेल, कारण नेटवर्कमॅनेजर (नेटवर्क सांभाळणारा प्रोग्राम) असेल तर तो लगेच हात टाकत नाही, वायर परत लागते का याची थोडी वाट बघतो. लिंकची ओळ नाहीच पण पत्त्याच्या ओळीपुढे 'डिलीटेड' आहे, तर डीएचसीपी (राउटरकडून आपोआप पत्ता मिळायची सोय), नाहीतर कोणीतरी हाताने केलेलं. आणि नुसताच डिफॉल्ट राउट (बाहेर इंटरनेटकडे जायची वाट) बदलला असेल तर त्या ओळीत 'प्रोटो' नंतर काय लिहिलंय ते बघा. 'प्रोटो डीएचसीपी' म्हणजे राउटरकडून आलेला, 'प्रोटो कर्नल' म्हणजे पत्ता लागल्यावर कर्नलने स्वतः टाकलेला, 'प्रोटो स्टॅटिक' म्हणजे सहसा कॉन्फिगमधे लिहून ठेवलेला. आणि 'प्रोटो बूट' दिसलं तर नावावर जाऊ नका, बूटशी त्याचा संबंध असेलच असं नाही. कोणी माणसाने किंवा स्क्रिप्टने 'आयपी राउट ॲड' असं साधं टाइप केलं की डिफॉल्टने हेच लागतं. तुमच्या साहेबांना दाखवायला ही ओळ चांगली आहे, तुम्ही टाइप केलेलं नसेल तर.

एक खोच मात्र लक्षात ठेवा, मी स्वतः यात फसलोय. इंटरफेसच डाउन झाला की त्याच्यावरचे आयपी आवृत्ती चारचे राउट कर्नल गुपचूप काढून टाकतं, प्रत्येक राउटची वेगळी 'डिलीटेड' ओळ देत नाही. आवृत्ती सहाच्या राउटची देतं. त्यामुळे "राउट गेल्याची ओळ नाही म्हणजे राउट गेला नव्हता" असा निष्कर्ष काढू नका, लिंकची ओळ बघा.

हे उत्तर मी त्यांना महिन्याच्या सुरुवातीलाच व्हॉट्सॲपवर पाठवलं होतं, कारण पतसंस्थेचं काम अंकासाठी थांबत नाही. दोन दिवसांनी त्यांचा मेसेज, "सर, नेट सहा वेळा गेलं, फाइलमधे एकही ओळ नाही." आता बोला! चूक माझी होती. मी कमांडमधे 'नेबर' मुद्दाम घेतलं नव्हतं, कारण ती यादी फार बडबड करते. शेजारच्या प्रत्येक मशीनचा आयपी पत्ता कुठल्या मॅक पत्त्यावर (नेटवर्क कार्डाच्या स्वतःच्या नंबरावर) आहे त्याची ही नोंद, आणि ती दिवसभर 'रीचेबल' वरून 'स्टेल', मग 'डिले', 'प्रोब', परत 'रीचेबल' असं करत बसते, त्यात वाईट काही नाही, ते तिचं रोजचं आहे. म्हणून लोक ती बंद ठेवतात, मी पण ठेवतो. पण इथे लिंक हलत नाही, पत्ता हलत नाही, राउट हलत नाही, तरी नेट जातंय, म्हणजे आपल्या घरात काही बदललेलंच नाही, बदललंय शेजारी. म्हटलं आता शेवटी 'नेबर' हा शब्द पण जोडा (टाइप करताना पहिली पाचच अक्षरं, एन-ई-आय-जी-एच) आणि फक्त गेटवेच्या, म्हणजे बाहेर नेणाऱ्या राउटरच्या, १९२.१६८.१.१ च्या ओळी बघा.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोटो आला. सकाळी गेटवेच्या ओळीत एक मॅक पत्ता, आणि पावणेबाराला त्याच गेटवेच्या आयपीपुढे वेगळाच मॅक. पाच मिनिटांनी परत पहिला. मग परत दुसरा. मॅक पत्त्याचा पहिला अर्धा भाग सहसा बनवणाऱ्या कंपनीचा असतो, तो शोधला तर निघाला घरगुती वायफाय राउटर बनवणाऱ्या कंपनीचा, आणि पतसंस्थेचा खरा राउटर त्या कंपनीचा नाही. झालं होतं असं की एका केबिनमधे मोबाइलला रेंज मिळत नाही म्हणून कोणीतरी घरचा जुना राउटर आणून भिंतीतल्या सॉकेटला लावला होता, केबिनचे मालक आले की चालू, गेले की बंद. त्या राउटरचा कंपनीतून आलेला पत्ता पण १९२.१६८.१.१. आता सर्व्हर ओरडून विचारतो "१९२.१६८.१.१ कोण?" तर दोघं हात वर करणार, आणि दुसऱ्याच्या मागे इंटरनेटच नाही. खरा राउटर स्वतः काही विचारायला आला की सर्व्हर परत त्याच्याकडे वळतो, म्हणून "आपोआप परत येतं". रविवारी केबिन बंद.

केबिन कोणाची होती ते त्यांनी छापू नका म्हणून सांगितलंय.

हीच पाळत कायमची ठेवायची असेल तर 'एआरपीवॉच' नावाचा जुना प्रोग्राम आहे, बर्कलेच्या लॅबमधून आलेला, तो आयपी आणि मॅकच्या जोड्या लिहून ठेवतो आणि जोडी बदलली की मेल पाठवतो. दोन मॅकमधे असं इकडून तिकडे झालं की त्याच्या मेलमधे 'फ्लिप फ्लॉप' लिहिलेलं असतं. आणि कोणाचा पत्ता कोणावर बसलाय का हे एकदाच तपासायचं असेल तर 'एआरपिंग डॅश डी', तिथे डी मोठा.

प्रश्न (औरंगाबादची विद्यार्थिनी, आता छत्रपती संभाजीनगर): मी 'आयपी मॉनिटर' पुढे पाइप करून 'ग्रेप' (हव्या त्या शब्दाच्या ओळी वेचणारी कमांड) लावलं आणि ते फाइलमधे टाकलं, पण फाइल रिकामीच राहते. मी केबल काढून बघितली तरी काही नाही. ग्रेपशिवाय बरोबर दिसतं.

उत्तर: हा प्रश्न मला दरवर्षी कोणीतरी विचारतंच, त्यामुळे तुला एकटीला वेड्यात काढत नाहीये. ग्रेपचा आउटपुट स्क्रीनवर जात असेल तर तो ओळीओळीने देतो, पण फाइलमधे किंवा पुढच्या पाइपमधे जात असेल तर आधी पोतं भरतो आणि मग एकदम ओततो. नेटवर्कच्या बदलांच्या ओळी दिवसाला पाच-पन्नास, पोतं भरायला आठवडा. ग्रेपला 'डॅश डॅश लाइन डॅश बफर्ड' दे, सुटला प्रश्न. आणि तुझ्या मशीनवर डॉकर (प्रोग्राम वेगवेगळ्या डब्यांत, म्हणजे कंटेनरमधे, चालवणारा) असेल तर 'व्हीइथ' नावाच्या इंटरफेसची रांग लागेल, कंटेनर सुरू-बंद झाला की त्या येतात-जातात. नको असेल तर शेवटी 'डेव्ह' आणि तुझ्या कार्डाचं नाव दिलं की तेवढंच ऐकू येतं. उलट कंटेनरच्या आतलं बघायचं असेल तर बाहेर बसून दिसणार नाही, त्याचं नेमस्पेस, म्हणजे नेटवर्कची स्वतःची दुनिया, वेगळं असतं.

प्रश्न (कोल्हापूर): माझ्या लॅपटॉपवर तुमच्या जुन्या अंकातली कमांड चालवून बघितली. रोज साधारण त्याच वेळी एक नवीन लांबलचक आयपी सहाचा पत्ता येतो आणि जुन्यावर 'डेप्रिकेटेड' लिहून येतं. कोणी माझ्या मशीनमधे शिरलंय का? बँकेचं ॲप वापरायला भीती वाटते.

उत्तर: शिरलेलं कोणी नाही, तुमचं मशीन स्वतःच कपडे बदलतंय. पूर्वी आयपी सहाच्या पत्त्याचा उत्तरार्ध कार्डाच्या मॅकवरून बनायचा, म्हणजे तुम्ही घरी असा, ऑफिसात असा की पुण्याच्या हॉटेलात, पत्त्याची ती शेपटी तीच, आणि वेबसाइटला तुमचा माग काढणं सोपं. म्हणून तात्पुरत्या पत्त्यांची पद्धत आली, २००७ सालच्या आरएफसी (इंटरनेटच्या नियमांचा कागद) ४९४१ मधे ती लिहिलीये आणि २०२१ मधे आरएफसी ८९८१ ने तिची जागा घेतली. लिनक्सच्या मूळ सेटिंगमधे असा पत्ता एक दिवस पुढे राहतो, मग 'डेप्रिकेटेड' होतो, म्हणजे चालू कनेक्शन त्यावर चालतात पण नवीन उघडत नाहीत, आणि दोन दिवसांनी (जुन्या कर्नलमधे सात दिवसांनी) निघून जातो. 'आयपी डॅश सहा ॲड्रेस' मधे त्या ओळीवर 'टेम्पररी' लिहिलेलं दिसेल. बँकेचं ॲप खुशाल वापरा.

प्रश्न (पुणे): दादा, माझ्याकडे ॲपलचा मॅक आहे, त्यात 'आयपी' कमांडच नाही. ऑफिसचं व्हीपीएन जोडलं की घरचा प्रिंटर दिसेनासा होतो आणि कधी कधी व्हीपीएन बंद केलं तरी साइट उघडत नाहीत. नक्की काय बदलतं हे बघायचंय.

उत्तर: मॅकचं घराणं बीएसडीचं, त्यामुळे तिथे हीच गोष्ट 'राउट डॅश एन मॉनिटर' ने होते. लिनक्सच्या खूप आधीपासून ही सोय आहे, राउटिंग सॉकेट १९९० च्या ४.३ बीएसडी रीनोपासून आहे. आउटपुट जरा खडबडीत, 'आरटीएम ॲड', 'आरटीएम डिलीट', 'आरटीएम न्यूॲडर' असे शब्द आणि खाली आकडे. पण एका बाबतीत हे लिनक्सवर मात करतं, त्या ओळीत 'पीआयडी' येतो, म्हणजे ज्या प्रोग्रामने राउट टाकला त्याचा नंबर. लगेच दुसऱ्या खिडकीत 'पीएस डॅश पी' आणि तो नंबर टाकलास की नाव हातात. लगेच म्हणतोय कारण कधी कधी तो प्रोग्राम काम करून निघून गेलेला असतो. शून्य असेल तर कर्नल.

तर व्हीपीएन जोडायच्या आधी हे चालू कर, जोड, आणि बघ तुझ्या घरच्या नेटवर्कच्या पट्ट्यासाठी राउट येतो का. घरी १९२.१६८.१ आणि ऑफिसातही नेमका तोच पट्टा असेल तर तुझे प्रिंटरसाठीचे पॅकेट ऑफिसला चाललेत, प्रिंटरची काही चूक नाही.

दुसरा भाग, व्हीपीएन बंद करूनही साइट न उघडणं, तो बहुतेक डीएनएसचा (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सोय), आणि डीएनएस राउटच्या पाळतीत दिसत नाही. लोक तिथे 'रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ' उघडून बघतात, पण मॅकवर बहुतेक प्रोग्राम ती फाइल विचारातच घेत नाहीत, फाइलच्या डोक्यावर तसं लिहिलेलं पण असतं. तिथे 'एससीयूटिल' चालव. तो आपला प्रॉम्प्ट देईल, त्यात 'एन डॉट ॲड स्टेट:/नेटवर्क/ग्लोबल/डीएनएस' आणि मग 'एन डॉट वॉच'. आता डीएनएस बदलला की तो सांगेल. नुसतं आत्ताचं चित्र हवं तर बाहेरूनच 'एससीयूटिल डॅश डॅश डीएनएस'. व्हीपीएन बंद केल्यावरही ऑफिसचेच सर्व्हर तिथे राहिले असतील तर व्हीपीएनचा प्रोग्राम आपला पसारा आवरत नाहीये, ऑफिसच्या आयटीला हा आउटपुट पाठव. नुसतं "नेट चालत नाही" लिहिलंस तर "रीस्टार्ट करा" एवढंच उत्तर येईल, आउटपुट जोडलास तर कोणीतरी वाचेल तरी.

याच अनुषंगाने लिनक्सवाल्यांसाठी: तुमच्याकडे पण 'आयपी मॉनिटर' मधे डीएनएस येत नाही. 'ईटीसी' मधली 'रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ' बघायची तर 'आयनोटिफायवेट डॅश एम', पण फाइलवर लावू नका, तिच्या फोल्डरवर लावा. बरेच प्रोग्राम फाइल सुधारत नाहीत, नवी बनवून जुनीच्या जागी ठेवतात, आणि तुम्ही जुनीवर डोळा ठेवून बसता. शिवाय त्या फाइलमधे १२७.०.०.५३ दिसत असेल तर ती नुसती पाटी आहे, खरे सर्व्हर 'रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस' मधे.

प्रश्न (ठाणे, वय ७१): मी रिटायर्ड आहे, विंडोज वापरतो, काळ्या खिडकीची भीती नाही. नेट कधी तुटलं कधी जुळलं याची नोंद आपोआप व्हावी, म्हणजे तक्रार करताना वेळ सांगता येईल.

उत्तर: काका, नोंद आधीपासूनच होतेय, फक्त कुठे ते माहीत हवं. पॉवरशेलमधे 'गेट डॅश विनइव्हेंट' ला लॉगचं नाव 'मायक्रोसॉफ्ट-विंडोज-नेटवर्कप्रोफाइल/ऑपरेशनल' द्या. त्यात १०००० नंबरची नोंद म्हणजे नेटवर्क जुळलं, १०००१ म्हणजे तुटलं. वेळेसकट. पण हे तुमचं मशीन आणि राउटर यांच्यातलं, राउटरच्या पलीकडे लाइन गेली तर ते वेगळं. बरेच जण 'आयपीकॉन्फिग /ऑल' फाइलमधे साठवून जुन्या-नव्याची तुलना करतात, ते करू नका, लीज (राउटरने ठरावीक काळासाठी दिलेला पत्ता) कधी मिळाली आणि कधी संपणार या दोन ओळी प्रत्येक नूतनीकरणाला बदलतात आणि तुम्हाला उगाच वाटतं काहीतरी झालं.

प्रश्न (नागपूर, कॉलेजातून): आमच्याकडे सिस्कोचे वीसेक स्विच आहेत. लॅब असिस्टंट, बाहेरचा व्हेंडर, मी, असे चार जण हात लावतात. कोणी व्हीलॅन (स्विचवर पाडलेले नेटवर्कचे वेगळे कप्पे) बदलला की सगळे "मी नाही" म्हणतात. स्विचवर कोणी काय टाइप केलं ते कळतं का?

उत्तर: कळतं, पण आधी चौघांना चार वेगळी लॉगिन द्या. सगळे एकाच 'ॲडमिन' ने शिरत असाल तर लॉगमधे पण 'ॲडमिन' च येणार आणि भांडण तिथेच राहणार.

मग कॉन्फिग मोडमधे 'आर्काइव्ह', त्याच्या आत 'लॉग कॉन्फिग', त्याच्या आत 'लॉगिंग एनेबल', 'हाइडकीज' आणि 'नोटिफाय सिसलॉग'. 'हाइडकीज' विसरू नका, नाहीतर कोणी पासवर्ड सेट केला की तो तसाच्या तसा लॉगमधे जाऊन बसेल. यानंतर 'शो आर्काइव्ह लॉग कॉन्फिग ऑल' दिलं की कोणत्या युजरने कोणती ओळ टाकली ते क्रमाने दिसतं. हे काहीच नसलं तरी एक ओळ सिसलॉगला (स्विचच्या घडामोडींच्या नोंदवहीला) मुळातच येते, 'सिस-५-कॉन्फिग-आय', कोणी कॉन्फिग मोडमधून बाहेर पडलं की. त्यात कुठून आला ते असतं पण काय केलं ते नसतं.

घड्याळ! हे सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं. ज्या स्विचला बॅटरीचं घड्याळ नाही तो वीज गेली की स्वतःला १ मार्च १९९३ मधे समजतो. त्या लॉगवरून तुम्ही कोणाला पकडणार? एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळ जुळवायची सोय) लावा, 'क्लॉक टाइमझोन आयएसटी ५ ३०' द्या, आणि लॉगच्या वेळेला 'लोकलटाइम' लावा, नाहीतर रात्री साडेनऊची गोष्ट दुपारी चारला दिसेल आणि दुपारी चारला जो ड्युटीवर होता त्याचा बळी जाईल. झालंय असं, मी बघितलंय.

वीस स्विच म्हटल्यावर रात्री प्रत्येकाचं कॉन्फिग खेचून आणणारं काहीतरी हवंच. 'रॅन्सिड' जुना आणि खणखणीत, 'ऑक्सिडाइज्ड' नवा, रूबीत लिहिलेला. दोन्ही कॉन्फिग आणून गिटमधे (फाइलची प्रत्येक आवृत्ती जपून ठेवणारा प्रोग्राम) ठेवू शकतात, मग 'गिट डिफ' मधे अधिक-उण्याच्या ओळी सरळ दिसतात. याने बदल सकाळी कळतो, सिसलॉगने त्याच क्षणी कळतो, दोन्ही लागतात.

आणि एवढं करून माणूस चुकतोच. ४ ऑक्टोबर २०२१ ला रात्री नऊनंतर आपल्याकडे फेसबुक, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम एकदम गेलं होतं आठवतंय? सासू-सासऱ्यांचे फोन आले होते की आमचा मोबाइल बिघडला. ते देखभालीच्या वेळी दिलेल्या एका कमांडमुळे. अशी कमांड अडवायला त्यांच्याकडे तपासणीचा प्रोग्राम होता, त्यातच बग होता, आणि जवळपास सहा तास सगळं बंद. म्हणून लांबून स्विचवर काही जोखमीचं करायचं असेल तर आधी 'रीलोड इन १०' द्यायची जुनी सवय ठेवा. तुम्ही स्वतःलाच बाहेर कोंडलंत तर दहा मिनिटांनी तो रीस्टार्ट होऊन जुन्या सेव्ह केलेल्या कॉन्फिगवर येतो, आणि सगळं नीट झालं तर 'रीलोड कॅन्सल'. हे 'कॅन्सल' विसरलात तर काय होतं ते विचारू नका.

प्रश्न (लातूर जिल्हा, केबल-इंटरनेटचा व्यवसाय): आमच्याकडे मायक्रोटिकचा राउटर आहे. पोरं फायरवॉलमधे काहीतरी करून ठेवतात.

उत्तर: '/सिस्टम हिस्ट्री प्रिंट' करा, कोणत्या युजरने काय केलं त्याची यादी येते. पण ती मुळात 'अन-डू' साठी ठेवलेली यादी आहे, तिच्यावर पुरावा म्हणून फार विसंबू नका, लॉग दुसऱ्या मशीनवर पाठवा. '/एक्सपोर्ट' रोज फाइलमधे घेऊन 'डिफ' मारत असाल तर पहिली ओळ गाळा, तिच्यात तारीख असते आणि रोज "बदल झाला" दिसतं. चालू लॉग बघायला '/लॉग प्रिंट फॉलो'.

प्रश्न (सोलापूर): 'आयपी मॉनिटर' काय झालं सांगतो, कोणी केलं ते सांगत नाही. मॅकसारखा नंबर लिनक्सवर का नाही? आणि ही कमांड चोवीस तास चालू ठेवली तर मशीन स्लो होईल का?

उत्तर: दुसरं आधी, नाही होणार. ती झोपून असते, कर्नलने हाक मारली की उठते, एक ओळ लिहिते आणि परत झोपते. फक्त फाइल वाढत जाते, तिला 'लॉगरोटेट' (जुने लॉग आपोआप बाजूला काढणारा प्रोग्राम) मधे टाका. मशीन चालू होतानाचे बदल हवे असतील तर 'आयपी मॉनिटर' उशिरा येतो, तिथे 'आरटीमॉन' आहे, तो नेटवर्क उठायच्या आधी सुरू करायचा, तो आधी सगळ्या परिस्थितीचं एक चित्र आणि मग पुढचे बदल फाइलमधे भरतो. ती फाइल डोळ्यांनी वाचता येत नाही, 'आयपी मॉनिटर फाइल' आणि तिचं नाव देऊन उलगडायची.

पहिलं. 'आयपी मॉनिटर' च्या ओळीत माणसाचं किंवा प्रोग्रामचं नाव येत नाही, 'प्रोटो' चा इशारा तेवढा येतो. पुढचं आपण जुळवायचं. समजा १४:०७:३२ ला डिफॉल्ट राउट उडालाय. दुसऱ्या खिडकीत 'जर्नलसीटीएल' (सिस्टिमचा लॉग दाखवणारी कमांड) ला 'सिन्स' आणि 'अंटिल' देऊन १४:०७ ते १४:०८ एवढंच काढायचं, युनिट न देता, सगळंच. नेटवर्कमॅनेजर बोलला असेल तर तिथे कारणासकट दिसतो, कोणी 'सुडो' ने कमांड मारली असेल तर तीही त्याच्या नावासकट असते. कॉन्फिगच्या फाइलला कोण हात लावतंय हे हवं असेल तर 'ऑडिटसीटीएल डॅश डब्ल्यू' फाइलचं नाव, 'डॅश पी डब्ल्यूए', 'डॅश के' आणि आपलं एक खुणेचं नाव. मग 'ऑसर्च डॅश के' ने त्याच नावाने शोधायचं, त्यात प्रोग्राम, पीआयडी आणि मूळ लॉगिन कोणाचं ते सगळं येतं, 'सुडो' करून रूट झालेला असला तरी.

मी एकदा असंच एका क्लायंटकडे चौकशी केली होती, मोठ्या तोऱ्यात, की रात्री अकराला सर्व्हरचा इंटरफेस कोणी डाउन केला. वेळ काढली, जर्नल काढलं, 'सुडो' ची ओळ सापडली, सगळ्यांसमोर स्क्रीनवर मोठी केली. युजरनेम माझं होतं. आदल्या रात्री घरून काम करताना चुकीच्या खिडकीत 'आयपी लिंक सेट डाउन' मारलं होतं, लॉगिन अडकलं, मला वाटलं घरचं नेट गेलं, आणि झोपून गेलो.